आई-बाबा, गोवा आणि हुर्राक

आई-बाबांबरोबर गोवा म्हटलं की प्रोग्रॅम ठरलेला. मंगेशी, शांतादुर्गा, जुन्या गोव्यातली चर्चेस, दुपारी माशाचं ताट आणि रात्री दहाला गुडनाइट! 'तो' गोवा मित्रांबरोबर. पण एप्रिलमध्ये आम्ही सत्तरी तालुक्यात, वाळपईच्या बाजूला गेलो आणि प्लॅनच बदलला.

काच खाली केली तर हवेत काजूचा आंबट-गोड वास. गाडी बाबांनीच थांबवायला लावली. बागेत भट्टी पेटली होती. काजूची बी ज्याला लटकते ते लाल-पिवळे बोंडू इथे वेचतात, तुडवून रस काढतात. तो दोन-तीन दिवस आपोआप आंबतो. यीस्ट नाही, साखर नाही. मग तो उकळायचा. वाफ थंड होऊन पहिली धार येते, ती हुर्राक.

आपल्याकडे 'पहिल्या धारेची' म्हणजे जहाल. इथे उलटं! हुर्राक साधारण १५ टक्क्यांची. तीच रसात मिसळून पुन्हा भट्टीवर चढवली की चाळिशीपलीकडची फेणी होते.

भट्टीवाल्या काकांनी लिंबू-सोडा, मीठ आणि चिरलेली हिरवी मिरची घालून ग्लास पुढे केले. बाबांनी एक घेतला, दुसरा सरळ माझ्या हातात दिला. आमच्या घरात हे पहिल्यांदाच! मी आईकडे बघितलं. ती म्हणाली, ''आमच्या सावंतवाडीला बोंडवांचा नुसता सडा पडायचा. दे बघू एक घोट.'' दादाला गाडी चालवायची होती, त्याने ताजा रस घेतला. नंतर तासभर बाबा त्यांच्या तरुणपणाबद्दल बोलत होते. मोबाइल कुणीच काढला नाही.

पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलहून काजू आणला. त्यातून ही दारू घडवली गोवेकरांनी. तरी फेणी कागदोपत्री 'देशी दारू'च राहिली. २००९ मध्ये काजूफेणीला जीआय मिळाला, २०१६ मध्ये गोवा सरकारने फेणीला 'वारसा पेय' ठरवलं. टकीलाबद्दल तावातावाने बोलणाऱ्या आपल्याला शेजारची हुर्राक माहीतच नसते!

जायचंय? मार्च ते मे हाच मोसम. परवाना असलेल्या ठिकाणीच प्या, ड्रायव्हिंग करणाऱ्याला रसावरच ठेवा. बाटली घरी न्यायचा मोह नको. महाराष्ट्रात आणायला परमिट लागतं आणि हुर्राक फार टिकतही नाही. ती आंब्यासारखी मोसमातच, तिथे जाऊनच चाखावी. आणि हो, आई-बाबांना बरोबर न्या!