सूचिचिकित्सा आणि संवाद

चिनी सूचिचिकित्सेचा, म्हणजेच अ‍ॅक्युपंक्चरचा, आधारभूत मानला जाणारा ‘ह्वांग-दी नेइ-जिंग’ हा ग्रंथ संवादरूप आहे. त्याच्या ‘सू-वेन’ व ‘लिंग-शू’ ह्या दोन्ही भागांत प्रत्येकी ८१ प्रकरणे असून, बहुतेकांत सम्राट ह्वांग-दी प्रश्न विचारतो आणि ची-बो आदी वैद्य उत्तरे देतात. ह्या दोघांच्या नावांतील आद्याक्षरांचा ‘ची-ह्वांग’ हा समास पुढे चिनी भाषेत वैद्यकाचाच पर्यायशब्द झाला.

ही रचना केवळ शैलीचा अलंकार नव्हे. ‘सू-वेन’च्या अखेरच्या प्रकरणांत तोच सम्राट गुरुस्थानी असून लेइ-गुंग त्याला प्रश्न करतो. प्रश्नकर्ता आणि उत्तरदाता ह्या भूमिका तेथे कायमच्या वाटून दिलेल्या नाहीत. उत्तरकालीन ‘नान-जिंग’ ग्रंथही ८१ शंका-समाधानांचाच आहे.

संवादाची ही निकड प्रत्यक्ष उपचारातही आढळते. सुई टोचल्यावर प्राणतत्त्वाचे आगमन झाले की नाही, हे अंशतः वैद्याच्या बोटांना कळते. परंतु ठणक, बधिरता, ताण किंवा जडपणा ह्या संवेदना रोग्याच्याच असतात, आणि त्या विचारल्यावाचून कळत नाहीत. शिवाय एकाचा ‘ताण’ तो दुसऱ्याचा ‘जडपणा’ नव्हे कशावरून? अनुभवाला लाविलेल्या शब्दांचा अर्थ व्यवसायबंधूंच्या चर्चेनेच निश्चित होत जातो.

चरकसंहितेच्या विमानस्थानातील ‘तद्विद्यसंभाषा’ ही संकल्पना येथे सहजच आठवते. तीत स्नेहपूर्वक केलेली ‘संधाय संभाषा’ आणि जिंकण्यासाठी केलेली ‘विगृह्य संभाषा’ असा भेद केला आहे. ज्या शास्त्राची परिभाषा देहानुभवावर उभी आहे, त्याला पहिलीचाच आश्रय अधिक उपकारक होय. कारण वादात हरलेला वैद्य गप्प बसतो, आणि त्याच्या बोटांनी जाणलेले त्याच्याबरोबरच नाहीसे होते.