तडा कुठे आहे?

क्रिकेटच्या मोठ्या सामन्याच्या आदल्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत काय चर्चा रंगते, हे आपण सर्वजण जाणतो. खेळपट्टी कशी आहे? अमक्याचे दुखावलेले बोट बरे झाले का? त्याला खेळवावे की बसवावे? माहिती अपुरी असते, मते मात्र ठाम असतात. मोटारींच्या शर्यतींचे चाहतेही अगदी अशीच चर्चा करतात. फक्त दुखावलेल्या बोटाच्या जागी तेथे मोटारीचा एखादा भाग असतो. अशा एका चर्चेची आणि तिच्या शेवटाची हकिगत आम्ही येथे देत आहोत. विज्ञान शिकवणाऱ्यांना तिच्यातून घेण्यासारखे बरेच आहे.

मोनॅकोतला शनिवार

मोनॅको हा भूमध्य समुद्राच्या काठावरचा चिमुकला देश. तेथील फॉर्म्युला वन शर्यत शहरातल्या नेहमीच्या रस्त्यांवरच, दोन्ही बाजूंना कठडे उभारून घेतली जाते. एक फेरी ३.३३७ किलोमीटरची आणि अशा ७८ फेऱ्या. रस्ते इतके अरुंद की पुढच्या गाडीला मागे टाकणे महाकठीण. त्यामुळे पहिल्या जागेवरून सुरुवात करणाऱ्याचे पारडे आधीच जड असते. ही जागा आदल्या दिवशीच्या पात्रता फेरीत ठरते. ज्याने सर्वांत कमी वेळात एक फेरी पूर्ण केली, तो पहिला.

२२ मे २०२१ रोजी ही पात्रता फेरी झाली. फेरारी संघाचा चालक शार्ल लक्लेर हा मोनॅकोतच जन्मलेला. त्याने १ मिनिट १०.३४६ सेकंदांची सर्वांत कमी वेळ नोंदवली. मग शेवटच्या प्रयत्नात, पोहण्याच्या तलावाजवळच्या वळणावर, त्याच्या गाडीचे पुढचे उजवे चाक कठड्याला लागले आणि गाडी समोरच्या कठड्यावर जाऊन आदळली. फेरी तेथेच थांबवण्यात आली. मागून येणाऱ्यांना वेळ सुधारता आली नाही. म्हणजे पहिली जागा लक्लेरची, पण गाडी मोडलेली!

बदलावा की ठेवावा?

त्या रात्री चाहत्यांच्या तोंडी एकच प्रश्न होता : गिअरबॉक्स शाबूत आहे का?

हाच प्रश्न का? तर त्या वेळच्या नियमाप्रमाणे एक गिअरबॉक्स सलग सहा शर्यतींना वापरावा लागे. आधी बदलला तर पाच जागा मागे जावे लागे. म्हणजे नवा गिअरबॉक्स घातला की लक्लेर पहिल्यावरून थेट सहावा! कोणी म्हणे, सहावा तर सहावा, पण शर्यत पुरी तर होईल. कोणी म्हणे, मोनॅकोत पहिली जागा हातची सोडायची म्हणजे वेडेपणा.

हा वाद गणिताच्या तासाला आणता येतो. पहिल्या क्रमांकाला २५ गुण मिळतात आणि सहाव्याला ८. सोयीसाठी असे धरू की मोनॅकोत जो जेथून निघतो तेथेच तो संपवतो. जुना गिअरबॉक्स वाटेत निकामी होण्याची संभाव्यता 'स' मानू. मग जुना ठेवल्यास सरासरी अपेक्षित गुण २५ × (१ – स), आणि बदलल्यास ८. दोन्ही समान केव्हा होतील? स = ०.६८ असताना. म्हणजे गिअरबॉक्स निकामी होण्याची शक्यता ६० टक्के असली तरी तो न बदलणेच फायद्याचे! मुलांना हे उत्तर सहसा पटत नाही, म्हणूनच ते त्यांच्याकडून काढून घ्यावे.

फेरारीच्या तंत्रज्ञांनी शनिवारी संध्याकाळी गिअरबॉक्स पाहिला. गंभीर इजा दिसली नाही. रविवारी सकाळी पुन्हा तपासणी झाली आणि तोच गिअरबॉक्स ठेवण्याचे ठरले. चाहते खूश झाले.

रविवारी दुपारी गाड्या सुरुवातीच्या जागी उभ्या राहण्यासाठी निघाल्या. लक्लेरची गाडी त्या छोट्या फेरीतच बिघडली. गिअरबॉक्सच गेला, असे त्यालाही वाटले. पण गाडी उघडल्यावर दिसले ते वेगळेच. गिअरबॉक्स ठणठणीत होता. तुटले होते ते डावीकडचे मागचे चाक फिरवणाऱ्या शाफ्टचे चाकाजवळचे टोक. अपघातात मुख्य नुकसान झाले होते उजव्या बाजूचे! दुरुस्तीला वेळ उरला नव्हता. पहिली जागा रिकामी ठेवून शर्यत सुरू झाली आणि ती मॅक्स व्हर्स्टापनने जिंकली.

मार एकीकडे, मोड दुसरीकडे

हे समजण्यासाठी गाडीची रचना थोडी पाहू. इंजिनाची शक्ती गिअरबॉक्समधून मागच्या चाकांच्या मधोमध असलेल्या डिफरन्शिअलकडे जाते. तेथून डावीकडे एक आणि उजवीकडे एक असे दोन शाफ्ट निघतात. प्रत्येक शाफ्टचे टोक हबमध्ये बसवलेले असते. हब म्हणजे बैलगाडीच्या चाकाचा तुंबा म्हणतात तोच भाग. वळताना बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावे लागते, म्हणून दोन्ही चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारे डिफरन्शिअल आपल्या एस.टी.च्या गाडीतही असते.

म्हणजे इंजिनापासून दोन्ही चाकांपर्यंत सारे भाग एका साखळीसारखे जोडलेले आहेत. भरधाव फिरणारे एक चाक एकाएकी अडले की त्याचा झटका त्या चाकापाशीच थांबत नाही. तो जोडलेल्या भागांमधून पुढे जाऊ शकतो आणि त्यांतल्या कमकुवत जागी इजा करू शकतो. अंगणात पडलेल्या माणसाचा हात जमिनीवर टेकतो आणि हाड मात्र खांद्याजवळ मोडते, तसाच हा प्रकार.

आणखी एक गोष्ट. तडा गेलेला भाग लगेच तुटतोच असे नाही. गाडी उभी असताना शाफ्टवर जोर नसतो. इंजिनाने पीळ दिला की ताण येतो. भाग अखंड असेल तर हा ताण सर्वत्र वाटला जातो. तडा असेल तर तो तड्याच्या टोकाशी एकवटतो. कापड दुकानदार हे रोज वापरतो. तो आधी कात्रीने छोटा काप देतो आणि मग एका झटक्यात कापड फाडतो. काप न देता तेच कापड फाडून पाहा!

तपासणी म्हणजे काय?

'तपासले आणि दोष सापडला नाही' या वाक्याचा अर्थ 'दोष नाही' असा होत नाही. त्याचा अर्थ एवढाच की जेथे पाहिले तेथे, ज्या पद्धतीने पाहिले त्या पद्धतीने, दोष दिसला नाही.

बाजारात मडके घेताना आपण ते बोटाने वाजवून पाहतो. खणखणीत वाजले तर घेतो, बद्द आवाज आला तर ठेवून देतो. डोळ्यांना न दिसणारा तडा कानांना कळतो. कारखान्यांतही भाग न मोडता तडे शोधण्याच्या अनेक पद्धती आहेत. धातूवर पातळ रंगीत द्रव लावतात. तो बारीक भेगांत शिरतो. मग पृष्ठभाग पुसून वर पांढरी पूड फवारली की भेगेतला रंग वर येतो आणि रेघ दिसते. आतले दोष शोधायला श्राव्यातीत ध्वनी किंवा क्ष-किरण वापरतात. पण यांपैकी कोणतीही पद्धत, जो भाग तपासायला घेतलाच नाही, त्याबद्दल काही सांगू शकत नाही. शनिवारी रात्री सर्वांचे लक्ष गिअरबॉक्सवर आणि गाडीच्या उजव्या बाजूवर होते.

आता आपल्या गणिताकडे परत जाऊ. आपण 'स' ही गिअरबॉक्स निकामी होण्याची संभाव्यता मानली होती. घ्यायला हवी होती ती अख्खी गाडी बंद पडण्याची संभाव्यता. गणित बरोबर होते, प्रश्न अपुरा होता. आणि नवा गिअरबॉक्स घालूनही डावीकडचे ते टोक तसेच राहिले असते तर? पाच जागाही गेल्या असत्या आणि शर्यतही! म्हणून परिणाम वाईट झाला एवढ्यावरून तो निर्णय चुकीचा होता असे म्हणता येत नाही. परीक्षेत कॉपी करून मिळालेले गुण आणि अभ्यास करूनही हुकलेले गुण, यांत आपण फरक करतोच ना?

वर्गात करून पाहा

१. दोन सारखे खडू घ्या. एकावर मधोमध ब्लेडने बारीक खाच पाडा (हे काम शिक्षकांनी करावे). प्रत्येक खडू दोन पुस्तकांच्या मध्ये आडवा ठेवा, मध्यावर दोऱ्याने कागदी पेला टांगा आणि त्यात हळूहळू वाळू टाका. कोणता खडू किती वाळूला मोडतो ते नोंदवा.

२. अखंड खडू दोन्ही टोकांना धरून, न वाकवता पिळा. तो सरळ आडवा तुटत नाही, तिरकस, मळसूत्री तुटतो. शाफ्टवरही असाच पीळ येतो. आता खाच पाडलेला खडू पिळा. मोड कोठून सुरू झाली ते मुलांना शोधू द्या.

३. तडा गेलेल्या जुन्या कपावर पातळ शाई लावा, थोड्या वेळाने ओल्या फडक्याने पुसा. काय दिसते? पण त्याआधी मुलांना विचारा, तडा कुठे असेल असे वाटते आणि का? शाई त्यांनी सांगितलेल्या जागीच लावा. मग उरलेल्या कपावर लावा.

तिसऱ्या प्रयोगात बहुतेक गट एकदा तरी फसतील. त्या वेळी उत्तर सांगण्याची घाई करू नये.

लक्लेरचे पुढे काय झाले, हे मुले नक्की विचारतील. २६ मे २०२४ रोजी त्याने मोनॅकोतच पुन्हा पहिल्या जागेवरून सुरुवात केली आणि या वेळी तो शर्यत जिंकला. त्याआधी मोनॅकोच्या माणसाने ही शर्यत जिंकली होती ती १९३१ साली, लुई शिराँने.