चित्रातले मूल कोणाचे?

लहान मूल पुस्तक वाचण्याआधी ते पाहते. अम्मी किंवा दादी गोष्ट वाचत असतात, तेव्हा त्याची नजर चित्रावरून फिरत असते. ‘हा माझ्यासारखा आहे का?’ असे ते तोंडाने विचारत नाही, पण उत्तर मात्र चित्रातून घेते. एझ्रा जॅक कीट्स या अमेरिकन लेखक-चित्रकाराने हे नेमके ओळखले होते.

कीट्स यांचा जन्म १९१६ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात, पोलंडहून आलेल्या एका गरीब ज्यू कुटुंबात झाला. मूळ आडनाव कॅट्झ. ज्यूंविषयीच्या द्वेषामुळे त्यांनी ते बदलून घेतले. इतर लेखकांच्या पुस्तकांसाठी चित्रे काढताना त्यांच्या लक्षात आले की, हाती येणाऱ्या एकाही गोष्टीत काळे मूल नायक नसते.

१९४० साली त्यांनी ‘लाइफ’ मासिकातून एका चिमुकल्या काळ्या मुलाची छायाचित्रे कापून ठेवली होती. रक्ततपासणीच्या वेळी त्याच्या चेहऱ्यावर उमटलेले भाव त्यांना फार आवडले होते. तोच मुलगा वीसहून अधिक वर्षांनी पीटर बनला आणि १९६२ मध्ये ‘द स्नोई डे’ हे पुस्तक निघाले.

गोष्ट अगदी साधी आहे. बर्फ पडलेला असतो. लाल कपड्यांतला पीटर बाहेर पडतो, पावलांचे ठसे उमटवतो, काठीने झाडावरचा बर्फ पाडतो. बर्फाचा गोळा खिशात घालून घरी आणतो, तर तो वितळून जातो.

चित्रांत कागदाचे एखाददुसरे तुकडे चिकटवावेत, एवढाच कीट्स यांचा बेत होता. पण एकातून दुसरे सुचत गेले. आईच्या झग्यासाठी त्यांनी मेणकापड कापले, खोडरबराचे शिक्के करून बर्फाची नक्षी उमटवली, टूथब्रशने शाई उडवून रात्रीची पार्श्वभूमी केली. पीटर काळा आहे, असे गोष्टीत एकदाही लिहिलेले नाही. ते फक्त चित्र सांगते. चित्रपुस्तकाची खुबी हीच आहे. चित्राने सांगितलेले शब्दांनी पुन्हा सांगायचे नसते.

१९६३ मध्ये पुस्तकाला कॅल्डेकॉट पदक मिळाले. टीकाही झाली. १९६५ मध्ये नॅन्सी लॅरिक यांनी १९६२ ते १९६४ या काळातली ५,२०६ बालपुस्तके तपासली. एक तरी काळी व्यक्ती असलेली पुस्तके त्यांत जेमतेम ६.७ टक्के निघाली. त्याच लेखात त्यांनी पीटरच्या आईच्या ठोकळेबाज चित्रणावर बोट ठेवले. चांगल्या हेतूने काढलेले चित्रही तपासून पाहावे लागते, हा त्यातला धडा आहे.

२०२० मध्ये न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीने आपल्या १२५ वर्षांचा हिशेब मांडला. सर्वाधिक वेळा घरी नेले गेलेले पुस्तक हेच निघाले: ४,८५,५८३ वेळा! एका काळ्या मुलाची गोष्ट सगळ्यांच्या मुलांना आपली वाटली.

आपली मुलेही मराठीतून शिकतात, मराठी पुस्तके हाताळतात. त्यांतल्या चित्रांत त्यांना आपली नानी, आपला मोहल्ला, ईदची सकाळ कितीदा भेटते? पुढच्या वेळी पुस्तक घेताना किंमत पाहण्याआधी चित्रे पाहा. आणि घरात कोणाचा हात चित्रकलेत चालत असेल, तर त्याला कात्री, रंगीत कागद आणि डिंक जरूर द्या. कीट्स यांचे सामान याहून फार वेगळे नव्हते.