वर्गांतील पडदा : एका छात्राध्यापिकेचे विचार

कोणतेंहि नवें साधन शाळेच्या दाराशीं आलें कीं त्याच्याभोंवतीं दोन पक्ष उभे राहतात. एका पक्षास वाटतें कीं आतां शिक्षणाचे सारे रोग हटणार. दुसऱ्यास वाटतें कीं आतां विद्येचें वाटोळें होणार. चित्रपट नवा होता तेव्हां, १९१३ सालीं, अमेरिकेंतील थोर संशोधक एडिसन यांनीं असें भविष्य वर्तविलें होतें कीं शाळांतून पुस्तकें लवकरच हद्दपार होतील आणि दहा वर्षांत शिक्षणपद्धति पार पालटेल. दहा वर्षें गेलीं. पुस्तकें जागच्या जागीं राहिलीं. १९२४ सालीं इंग्लंडांत शाळांसाठीं नभोवाणीवरून पाठ सुरू झाले. १९७५ च्या ऑगस्टपासून एक वर्षभर आपल्या देशांतील सहा राज्यांतल्या सुमारें २४०० खेड्यांत उपग्रहाच्या द्वारें दूरदर्शनचे कार्यक्रम पोंचविण्याचा मोठा प्रयोग झाला. त्यांत शाळकरी मुलांसाठीं सकाळचे पाठहि होते. २००४ सालीं तर केवळ शिक्षणासाठीं म्हणून ‘एज्युसॅट’ हा उपग्रह सोडण्यांत आला. यांपैकीं प्रत्येक साधनानें कांहीं ना कांहीं काम केलें. परंतु फळा आणि त्याच्यापुढें उभा राहणारा शिक्षक यांची जागा एकानेंहि घेतली नाहीं.

आतां पाळी आहे ती संगणकाची, मोबाईलची आणि वर्गाच्या भिंतीवर झळकणाऱ्या डिजिटल पडद्याची. या विषयावर पालकांचीं, अधिकाऱ्यांचीं आणि विक्रेत्यांचीं मतें पुष्कळ ऐकूं येतात. मात्र ज्यांना उद्यांपासून तीस वर्षें त्या पडद्याशेजारीं उभें राहावयाचें आहे, त्या छात्राध्यापकांना कोणी फारसें विचारीत नाहीं. म्हणून अध्यापक विद्यालयाच्या दुसऱ्या वर्षांत असलेल्या एका तरुण छात्राध्यापिकेचे या बाबतींतील विचार, आणि ते ज्या अनुभवांतून निघाले तो अनुभव, हीं दोन्ही लक्षांत घेण्यासारखीं आहेत.

तिचा सराव पाठ पांचवीच्या वर्गावर होता व विषय होता अपूर्णांकांतील लहान-मोठेपणा. लहान मुलांना तीनापेक्षां चार मोठे हें पक्कें ठाऊक असतें. म्हणून एक तृतीयांशापेक्षां एक चतुर्थांश मोठा, असेंच त्यांच्या मनांत येतें. ही चूक प्रत्येक पिढींतील मुलें करतात. तिनें एक सुंदर चित्रफीत मिळविली. पडद्यावर एक गोल भाकरी आली, तिचे तीन सारखे तुकडे झाले. शेजारीं दुसरी भाकरी आली, तिचे चार झाले. मग एकेक तुकडा उचलून एकमेकांवर ठेवला गेला. मुलांचे डोळे पडद्यावर खिळले. “कोणता मोठा?” असें पडद्यावरील आवाजानें विचारतांच सारा वर्ग एका सुरांत बरोबर उत्तर देऊन मोकळा झाला. पाठाचें निरीक्षण करणाऱ्या अध्यापिकाहि प्रसन्न दिसल्या.

मग तिनें सहज म्हणून वह्या काढावयास सांगितलें आणि फळ्यावर दोन अपूर्णांक लिहिले : एक पंचमांश आणि एक षष्ठांश. पुष्कळ वह्यांत षष्ठांशच मोठा ठरला! मुलांना भाकरी कळली होती, अपूर्णांक कळला नव्हता. त्यांनीं पडद्याला उत्तर दिलें होतें, स्वतःच्या मनांतील गैरसमजाला नव्हे.

दुसऱ्या दिवशीं ती पडद्याविना वर्गांत गेली. तिच्या लक्षांत आलें होतें कीं मुलांपाशीं एक शिदोरी आधींपासूनच आहे. वाण्याच्या दुकानांतून पावकिलो साखर आणणाऱ्या कोणत्याहि मुलास अर्धा किलो हा पावकिलोहून मोठा, हें शिकवावें लागत नाहीं. आणि पाव म्हणजे चारांतील एक व अर्धा म्हणजे दोहोंतील एक. मराठी भाषेनें पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच असे अपूर्णांक घरोघर वापरांत ठेवले आहेत. तृतीयांशाला मात्र घरांत तसें रुळलेलें नांव नाहीं. म्हणून तेथें मूल अडखळतें. तिनें पावकिलोपासून आरंभ केला, मग जुन्या वर्तमानपत्राच्या सारख्या लांबीच्या पट्ट्या वांटल्या, आणि त्यांच्या दोन, तीन, चार, पांच घड्या मुलांकडूनच घालविल्या. तिसऱ्या घडीशीं बहुतेकांची धांदल उडाली, कारण कागदाचे तीन सारखे भाग करणें हें सोपें काम नाहीं. परंतु त्या धांदलींतच मागच्या बांकावरील एक मुलगा म्हणाला, “बाई, खाणारे वाढले कीं वांटा कमी!” त्या एका वाक्यांत सारा पाठ आला. तें वाक्य कोणत्याहि चित्रफितींत नव्हतें.

या दोन दिवसांवरून तिनें पडद्याविरुद्ध निकाल दिला असता तर तो घाईचा ठरला असता. आणि ही चूक तिनें केली नाहीं, हें तिच्या विचारांचें वैशिष्ट्य होय. तिचें म्हणणें असें कीं पहिल्या दिवशींचा दोष पडदा असण्यांत नव्हता, मुलाला कोणी कांहीं विचारलें नाहीं यांत होता. खडू हातांत घेऊन तासभर एकटेंच बोलत राहणारा शिक्षकहि तोच दोष करतो.

हा विचार नवा नाहीं. १९५३ सालीं हार्वर्ड विद्यापीठांतील मानसशास्त्रज्ञ स्किनर हे आपल्या मुलीच्या गणिताच्या तासाला पाहुणे म्हणून बसले होते. त्यांना दोन गोष्टी खटकल्या : हुशार व मंद अशा साऱ्या मुलांना एकाच चालीनें चालावें लागत होतें, आणि आपलें उत्तर बरोबर कीं चूक हें मुलांना ताबडतोब कळत नव्हतें. त्यावर उपाय म्हणून त्यांनीं लौकरच एक शिकविण्याचें यंत्र तयार केलें. तें यंत्र मागें पडलें. परंतु त्यांनीं हेरलेले दोन दोष आजहि प्रत्येक गजबजलेल्या वर्गांत आहेत.

ते दोष नव्या यंत्रांनीं दूर होतात काय, याचा शोध आपल्याच देशांत बारकाईनें घेतला गेला आहे. मुंबई व बडोदें येथील शाळांत ‘प्रथम’ या संस्थेच्या साह्यानें झालेल्या एका प्रयोगाचे निष्कर्ष २००७ सालीं प्रसिद्ध झाले. त्यांत मागें पडलेल्या तिसरी-चौथीच्या मुलांना रोज दोन तास बाजूला घेऊन एक ‘बालसखी’, म्हणजे वस्तींतीलच एक शिकलेली तरुणी, मूळाक्षरें व अंक यांपासून शिकवीत असे. बडोद्यास चौथीच्या मुलांना याशिवाय आठवड्यास दोन तास संगणकावर गणिताचे खेळ दिले होते. दोहोंचाहि लाभ झाला, आणि गणितांत संगणकाचा लाभ तर चांगलाच ठळक होता. परंतु दर मुलामागें होणारा खर्च पाहतां बालसखी कितीतरी स्वस्त पडली. पुढें दिल्लींत झालेल्या व २०१९ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत असें दिसलें कीं मूल कोणत्या पायरीवर आहे हें ओळखून त्याप्रमाणें प्रश्न देणाऱ्या संगणकीय पाठांनीं साडेचार महिन्यांत गणित व हिंदी या दोन्ही विषयांत मुलें पुढें सरकलीं. तेथेंहि अर्धा वेळ संगणकाचा व अर्धा वेळ माणसाच्या हाताखालील शिकवणीचा होता.

याच्या उलट उदाहरण पेरू देशाचें. तेथें खेड्यांतील प्राथमिक शाळांत मुलांच्या हातीं लॅपटॉप देण्यांत आले. ३१९ शाळांच्या पाहणीवरून २०१२ सालीं असें आढळलें कीं यंत्र हाताळण्याची सफाई मुलांना आली, परंतु गणित व भाषा यांत मोजण्याजोगी सुधारणा झाली नाहीं. हीं तीन उदाहरणें शेजारीं ठेवून ती छात्राध्यापिका एकच सूत्र काढते : ज्यानें मुलाची खरी पायरी ओळखली त्याच्या हातून मूल शिकलें, मग तो माणूस असो वा यंत्र, आणि ज्यानें पायरी न ओळखतां नुसती वस्तु हातांत दिली त्याच्या हातून वस्तु तेवढी पोंचली.

यंत्राचा उपयोग कोठें निर्विवाद आहे, तेंहि ती सांगते. जें डोळ्यांना एरवीं दिसणारच नाहीं तें पडद्यानें दाखवावें. धडधडणाऱ्या हृदयांतील झडपा, समुद्राच्या तळाचें जीवन, चंद्राच्या कला कशा होतात हें बाहेरून पाहण्याची सोय, या गोष्टी खडूनें काढलेल्या आकृतीपेक्षां चित्रफितींत शतपटीनें चांगल्या कळतात. ज्या मुलाची दृष्टि अधू आहे त्याला अक्षर मोठें करून दाखविणारें किंवा पान वाचून दाखविणारें यंत्र ही चैन नव्हे, ती त्याची काठी आहे. तिनें स्वतः केलेला एक प्रयोग तर अगदींच साधा आहे : अडखळत वाचणाऱ्या मुलांचें वाचन ती आपल्या मोबाईलमध्यें ध्वनिमुद्रित करी व त्यांचें त्यांनाच ऐकवी. आपण कोठें थांबलों, कोणतें जोडाक्षर गाळलें, हें मूल स्वतःच ओळखी आणि “बाई, परत एकदां” म्हणून पुन्हां वाचावयास बसे. शिक्षकानें दहा वेळां चूक दाखविण्यापेक्षां मुलानें एकदां ती ऐकणें अधिक गुणकारी ठरलें.

सोलापूर जिल्ह्यांतील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेंतील शिक्षक रणजितसिंह डिसले यांचें उदाहरण ती आवर्जून देते. पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड घालून धड्याला ध्वनि व चित्र यांची जोड देण्याच्या कार्याबद्दल त्यांना २०२० सालीं जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, आणि दहा लक्ष डॉलरांपैकीं निम्मी रक्कम त्यांनीं अंतिम फेरींतील इतर नऊ शिक्षकांना वांटून दिली. या कार्यांत कोडापेक्षां शिक्षकाचें महत्त्व अधिक आहे, असें तिचें मत आहे. मुलांच्या गरजा ओळखून काय जोडावें हें ज्यानें ठरविलें, त्याच्यामुळें त्या चौकोनी ठशाला अर्थ आला.

तिच्या मनाला सर्वांत लागलेली गोष्ट मात्र वर्गाबाहेरची आहे. तिच्या सराव-वर्गांत स्वाध्याय मोबाईलवरून पाठविण्याची रीत पडली होती. एक मुलगा रोज कोरी वही घेऊन येई व ‘अभ्यास न करणारा’ म्हणून त्याचें नांव फळ्याच्या कोपऱ्यांत लिहिलें जाई. चौकशी करतां कळलें कीं घरांत मोबाईल एकच, तो वडिलांबरोबर रात्रपाळीस जातो, आणि ते परत येतात तेव्हां मुलगा शाळेच्या वाटेवर असतो. त्या मुलानें ही सबब एकदांहि सांगितली नव्हती. गरिबी सांगण्यापेक्षां आळशी म्हणवून घेणें त्याला बरें वाटलें! २०२० च्या महामारींत शाळा बंद पडल्या तेव्हां अशीं मुलें शिक्षणापासून किती सहज तुटलीं, हें सर्वांनीं पाहिलेंच आहे. त्या दिवसापासून तिनें स्वतःपुरता एक नियम केला : ज्या स्वाध्यायासाठीं घरीं यंत्र लागेल तो स्वाध्याय द्यावयाचा नाहीं, यंत्राचें काम शाळेंत, सर्वांच्या समक्ष व सर्वांसाठीं.

यंत्र घरांत आहे एवढ्यानेंहि भागत नाहीं. ग्रामीण भारतांतील मुलांविषयीं ‘असर’ची २०२४ ची पाहणी असें सांगते कीं स्मार्टफोन वापरतां येणाऱ्या १४ ते १६ वर्षांच्या मुलांपैकीं ५७ टक्के मुलांनीं मागल्या आठवड्यांत तो अभ्यासाच्या कामीं वापरला होता, तर समाजमाध्यमांसाठीं वापरणारीं मुलें ७६ टक्के होतीं. ही गोष्ट ओळखूनच सांगली जिल्ह्यांतील मोहित्यांचे वडगांव या खेड्यानें २०२२ सालीं एक वेगळी प्रथा पाडली. सायंकाळीं सात वाजतां भोंगा वाजे आणि दीड तास घरोघरचे दूरदर्शन-संच व मोबाईल बंद राहत. मुलें पुस्तक घेऊन बसत. गांवानें यंत्र मोडलें नाहीं. त्याला वेळेचें बंधन घातलें.

छात्राध्यापिकेची अंतिम परीक्षा झाली तेव्हां तिनें पुन्हां अपूर्णांकच घेतले. साधनें म्हणून कागदाच्या पट्ट्या, फळा आणि वजनाची मापें. आधुनिक साधन कां नाहीं, असें विचारण्यांत आलें. “या पाठाला त्याची गरज नव्हती, चंद्राच्या कला शिकवावयाच्या असत्या तर आणलें असतें,” असें तिनें उत्तर दिलें. साधनांच्या रकान्यांत तिचे दोन गुण कमी झाले. त्याचें दुःख तिला नाहीं असें नव्हे. उद्यां नोकरींत पडद्यासमोर बसलेल्या मुलांचीं छायाचित्रें मागविलीं जातील, तेव्हां आपण एवढ्याच ठामपणें नाहीं म्हणूं काय, याची तिला खात्री नाहीं. आणि ही शंका ती लपवीत नाहीं.

तिला बळ द्यावयाचें तें सुशिक्षित पालकांनीं. मुलाला शाळेंत घालतांना ‘तुमच्याकडे पडदे किती?’ हा प्रश्न आज हटकून विचारला जातो आणि शाळा त्याप्रमाणें पडदे विकत घेतात. त्याऐवजीं ‘पडदा विझल्यावर मुलें काय करतात?’ असें विचारलें गेलें, तर शाळांनाहि त्या प्रश्नाचें उत्तर तयार ठेवावें लागेल. घरीं परतलेल्या मुलाला ‘आज काय पाहिलेंस?’ यापेक्षां ‘आज तुझें काय चुकलें, आणि तें कसें सुधारलें?’ असें विचारावें. या प्रश्नाला ज्या मुलापाशीं उत्तर आहे त्याच्या वर्गांत पडदा असो वा नसो, तेथें कोणीतरी त्याचें म्हणणें ऐकून घेत आहे, एवढें निश्चित समजावें.