उसाची पिशवी, मक्याचा पेला

‘वनस्पतीपासून बनवलेले’ असे प्लास्टिकवर छापलेले दिसले की आपला जीव भांड्यात पडतो. फेकले की आपोआप माती होईल, असे आपण धरूनच चालतो. मला मात्र वाटते, जन्म कुठे झाला आणि शेवट कसा होणार, हे दोन प्रश्न वेगवेगळे विचारायला हवेत.

ब्राझीलमध्ये त्रिउन्फो येथे ब्रास्केम कंपनीने २०१० साली उसाच्या मद्यार्कापासून पॉलिथिनचा कच्चा माल बनवणारा कारखाना सुरू केला. मद्यार्कातून पाण्याचा अंश काढला की इथिलिन वायू मिळतो. त्याचे रेणू साखळीत गुंफले की झाले पॉलिथिन! खनिज तेल वाचले, वाढत्या उसाने हवेतला कर्बवायू शोषला, हे सारे खरे. (उसाला पाणी किती लागते, हे मराठवाड्यातल्या वाचकांना मी काय सांगावे?) पण ही पिशवी तेलापासून केलेल्या पिशवीची जुळी बहीण. ती कुजत नाही, आणि गायीच्या पोटात गेली तर तितकीच घातक.

‘पीएलए’ या प्लास्टिकचे कूळ निराळे. दह्याला आंबटपणा देणारे लॅक्टिक आम्ल आपल्या रोजच्या ओळखीचे. मक्याची किंवा उसाची साखर जिवाणूंना खाऊ घालून तेच आम्ल मिळवतात आणि त्याची लांबच लांब साखळी करतात. अमेरिकेत नेब्रास्कातील ब्लेअर गावी २००२ पासून ते मक्यापासून मोठ्या प्रमाणावर होते. आपल्याकडे जेजुरीला प्राज कंपनीचा प्रात्यक्षिक प्रकल्प २०२४ मध्ये सुरू झाला.

हे प्लास्टिक कुजते, पण साठ अंशांच्या आसपासची ऊब आणि ओल टिकून राहिली तर. अशी ऊब मोठ्या खतप्रकल्पात असते, आपल्या गॅलरीतल्या कुंडीत नसते. समुद्रात तर नाहीच नाही. गंमत म्हणजे त्याच उष्णतेला साधा पीएलएचा पेला मऊ पडतो. त्यात वाफाळता चहा ओतायची सोय नाही!

खरी पंचाईत होते ती भंगार निवडणाऱ्या बायकांची. हा पेला आणि नेहमीचे पारदर्शक प्लास्टिक नुसत्या नजरेला सारखेच दिसते. पाण्याच्या बाटल्यांच्या ढिगात तो मिसळला तर सगळ्या मालाची प्रत घसरते. उसाची पिशवी मात्र जुन्या पॉलिथिनबरोबर खुशाल वितळवता येते. म्हणजे न कुजणारी पिशवी पुन्हा कामाला येते आणि कुजणारा पेला, खतप्रकल्पापर्यंत पोचलाच नाही, तर कचरा डेपोत वर्षानुवर्षे पडून राहतो.