विश्लेषण : पीएच मीटरचा आकडा कितपत खरा? कॅलिब्रेशन घरी कसे करावे, द्रावणे कशी जपावीत?

पाचशे-हजार रुपयांत मिळणारा पेनसारखा पीएच मीटर आता द्राक्षबागायतदारांच्या घरोघरी दिसतो. गच्चीवर पाण्यात भाजी पिकवणारे आणि मत्स्यटाकीचा छंद असणारेही तो वापरतात. पडद्यावर दोन दशांशांपर्यंत आकडा उमटतो आणि त्यावर पटकन विश्वास बसतो. हा आकडा खरा ठरतो तो मात्र मीटरसोबत आलेल्या छोट्या पाकिटांमुळे. बहुतेक घरांत ती पाकिटे एकदा वापरून नंतर विसरली जातात.

आकडा चुकला तर काय बिघडते?

पीएचची मोजपट्टी साधी नाही. डेन्मार्कचे रसायनशास्त्रज्ञ सोरेन सोरेन्सन यांनी १९०९ मध्ये ती मांडली. तिच्यात एका अंकाचा फरक म्हणजे आम्लतेत दहापट फरक. अर्ध्या अंकाची चूक किरकोळ वाटते, पण आम्लतेच्या हिशेबात ती तिपटीहून थोडी अधिक भरते.

नाशिक-सांगलीच्या द्राक्षपट्ट्यात बोअरच्या पाण्याचा पीएच अनेक ठिकाणी आठच्या आसपास असतो. गोडी छाटणीनंतर घड लांबवण्यासाठी जिबरेलिक आम्लाची, म्हणजे ‘जीए’ची फवारणी होते. त्यासाठी पाणी सायट्रिक किंवा फॉस्फरिक आम्लाने, नाहीतर युरिया फॉस्फेटने साडेपाच ते साडेसहापर्यंत खाली आणतात. अल्कधर्मी पाण्यात काही औषधे टाकीतच विघटित होऊ लागतात. कॅप्टन हे बुरशीनाशक पीएच नऊच्या पाण्यात काही मिनिटांत निकामी होऊ लागते, आम्लधर्मी पाण्यात ते कित्येक तास टिकते. मीटर पाणी सहाचे दाखवत असेल आणि ते खरे साडेसात असेल, तर औषधाचा काही भाग वेलीवर पोहोचण्याआधीच संपलेला असतो. फवारणीनंतर रोग आटोक्यात आला नाही, की दोष औषधाला किंवा दुकानदाराला दिला जातो. मीटरकडे सहसा कोणी पाहत नाही.

उलट दिशेची चूकही महागात पडते. ताम्रयुक्त बुरशीनाशकाचे पाणी गरजेपेक्षा आम्लधर्मी झाले, तर तांबे अधिक विरघळते आणि पाने भाजतात. म्हणूनच बोर्डो मिश्रणात लोखंडी सळई किंवा विळा बुडवून पाहण्याची जुनी पद्धत आहे. लोखंडावर तांबूस थर चढला, तर चुना कमी पडला असे समजतात. न जुळवलेल्या मीटरपेक्षा हा विळा नक्कीच भरवशाचा.

मीटर भरकटतो कशामुळे?

मीटरच्या टोकाला काचेचा बारीक फुगा असतो. ही काच खास घडणीची असते. तिच्या आतल्या आणि बाहेरच्या द्रावणांच्या आम्लतेत फरक असला, की काही मिलिव्होल्टचा विद्युतदाब तयार होतो. २५ अंश सेल्सिअसला पीएचच्या प्रत्येक अंकामागे तो सुमारे ५९ मिलिव्होल्ट असतो. मीटर हा दाब मोजतो आणि त्याचे पीएचमध्ये रूपांतर करतो. अमेरिकेत आर्नल्ड बेकमन यांनी १९३४ मध्ये अशा मोजणीचे सुटसुटीत यंत्र तयार केले, तेही कॅलिफोर्नियातल्या लिंबूउद्योगाला रसाचा आंबटपणा मोजायचा होता म्हणून. आजच्या स्वस्त पेनमध्येही तत्त्व तेच आहे.

काच मात्र दिवसागणिक बदलते. ती सुकते, तिच्यावर क्षार आणि औषधांचे थर बसतात, आतले द्रावण हळूहळू झिरपून जाते. मीटर एप्रिलच्या खरड छाटणीपासून ऑक्टोबरपर्यंत कपाटात कोरडा पडून राहिला, तर तो अर्ध्या-एक अंकाने भरकटला तरी नवल नाही. कॅलिब्रेशन म्हणजे पीएच आधीच माहीत असलेल्या द्रावणात मीटर बुडवून त्याला पुन्हा ताळ्यावर आणणे. या द्रावणांना बफर म्हणतात. थोडी भेसळ झाली तरी त्यांचा पीएच सहजी हलत नाही. ‘सहजी’ एवढेच म्हणता येते, कारण हलवत राहिले तर तोही हलतो.

पाकिटांवरचे आकडे असे विचित्र का?

स्वस्त पेनसोबत बहुधा ४.०१ (किंवा ४.००), ६.८६ आणि ९.१८ अशी पाकिटे येतात. पहिल्यात पोटॅशियम हायड्रोजन थॅलेट असते, दुसऱ्यात फॉस्फेटचे दोन क्षार ठरावीक प्रमाणात आणि तिसऱ्यात टाकणखार म्हणजे बोरॅक्स. २५ अंशांना या द्रावणांचा पीएच एवढाच भरतो. काही मीटर मात्र ४.०१, ७.०० आणि १०.०१ या दुसऱ्या संचासाठी बनवलेले असतात. मीटर ७.०० अपेक्षितो आणि समोर ६.८६ चे द्रावण आहे, असे झाले तर सुरुवातच ०.१४ च्या चुकीने होते. ९.१८ ला १०.०१ समजून जुळवले, तर चूक पाऊण अंकापुढे जाते. त्यामुळे नवीन पाकिटे घेण्याआधी मीटरच्या माहितीपत्रकात कोणता संच दिला आहे ते पाहावे.

पाकीट पूर्ण विरघळवावे. पाकिटावर २५० मिलिलिटर लिहिले असेल तर तेवढेच पाणी घ्यावे. अर्धी पूड आज, अर्धी पुढच्या महिन्यात हा काटकसरीचा मार्ग इथे उपयोगाचा नाही. ६.८६ च्या पुडीत दोन क्षार मिसळलेले असतात, आणि अर्ध्या चमच्यात ते ठरल्या प्रमाणातच येतील याची खात्री नसते. पाणी डिस्टिल्डच हवे. नळाचे, बोअरचे किंवा बाटलीबंद पिण्याचे पाणी चालत नाही, कारण त्यात क्षार असतात. गॅरेजमधून आणत असाल तर ‘डिस्टिल्ड वॉटर’ असे स्पष्ट मागावे आणि लेबल वाचावे. नुसते ‘बॅटरीचे पाणी’ म्हटले, तर आम्लाची बाटलीही हातात पडू शकते.

जुळवायचे कसे?

बाटलीत मीटर कधीच बुडवू नये. लहान पेल्यात फुगा पूर्ण बुडेल इतके, २०-३० मिलिलिटर द्रावण ओतून घ्यावे. फुगा डिस्टिल्ड पाण्याने धुवावा आणि मऊ कागदाने टिपावा. घासू नये, घासल्याने आकडा काही काळ अस्थिर राहतो. सुरुवात नेहमी ६.८६ किंवा ७.०० ने करावी. सातच्या आसपास मीटरचा दाब शून्याजवळ असतो, त्यामुळे इथे मीटरचा शून्यबिंदू ठरतो. आकडा स्थिरावला की ‘कॅल’चे बटण दाबावे. मग पुन्हा धुऊन-टिपून दुसऱ्या द्रावणात बुडवावे. तिथे एका अंकामागे दाब किती बदलतो ते मीटरला कळते. एकाच द्रावणावर थांबले तर ही दुसरी गोष्ट अंदाजावरच राहते.

दुसरे द्रावण काय मोजायचे त्यावर ठरते. फवारणीचे आम्लधर्मी पाणी मोजायचे असेल तर ४.०१, अल्कधर्मी काळ्या जमिनीची माती किंवा बोअरचे पाणी मोजायचे असेल तर ९.१८. दोन मिनिटे थांबूनही आकडा सरकतच असेल, तर फुगा मळलेला किंवा म्हातारा झालेला आहे. क्षारांचा पांढरा थर असेल तर साध्या व्हिनेगरमध्ये पाच-दहा मिनिटे ठेवून धुतल्यास तो सुटतो. त्यानंतरही फरक पडला नाही, तर मीटर बदलण्याची वेळ आली असे समजावे. अशा फुग्यांचे आयुष्य साधारण एक-दोन वर्षेच असते, वापरले तरी आणि न वापरले तरी.

डिस्टिल्ड किंवा आरओच्या पाण्यात सात येतो का, हे पाहून मीटर तपासणारे पुष्कळ आहेत. ही तपासणी निरुपयोगी आहे. हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळल्यामुळे उघड्या डिस्टिल्ड पाण्याचा पीएच ५.६ च्या आसपास येतो. शिवाय क्षारच नसल्याने त्यात मीटरचा आकडा स्थिरावत नाही. लिंबाचा रस आणि खाण्याच्या सोड्याचे पाणी यांवरून मीटर जिवंत आहे की नाही एवढेच समजते.

निफाडची थंडी, विदर्भाचा उन्हाळा

२५ अंश हे प्रयोगशाळेचे तापमान. निफाडच्या थंडीत पहाटे १० अंश असताना ९.१८ चे द्रावण ९.३३ भरते, आणि चाळिशीच्या उन्हात ९.०७. ६.८६ आणि ४.०१ मध्ये मात्र काही शतांशांचाच फरक पडतो. पाकिटाच्या मागे तापमानाचा तक्ता छापलेला असतो, तो इथे कामी येतो. मीटरवरील ‘एटीसी’ ही सोय काचेच्या दाबावर होणारा तापमानाचा परिणाम दुरुस्त करते. मोजायच्या पाण्याचा स्वतःचा पीएच थंडी-उन्हाने बदलला, तर तो बदल ती पुसत नाही. सर्वांत सोपा उपाय म्हणजे द्रावण, मीटर आणि नमुना अर्धा तास एकाच खोलीत ठेवून मग मोजणे.

बाटल्या कशा जपाव्यात?

तिन्ही द्रावणे वेगवेगळ्या कारणांनी बिघडतात. ९.१८ सर्वांत नाजूक, १०.०१ तर त्याहून अधिक. झाकण उघडले की ते हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषते आणि पीएच खाली घसरतो. ४.०१ मध्ये बुरशी धरते, ६.८६ मध्येही ती होते. सर्वसाधारण संकेत असा, की उघडलेले अल्कधर्मी द्रावण महिनाभर आणि बाकीची दोन सुमारे तीन महिने वापरावीत. आत तंतू, गढूळपणा किंवा तळाला गाळ दिसला, तर तारीख न पाहता टाकून द्यावीत. पाकिटातली कोरडी पूड बंद असताना याहून बरीच जास्त टिकते. म्हणून लागेल तेव्हाच विरघळवणे शहाणपणाचे.

बाटली प्लास्टिकची, घट्ट झाकणाची, काठोकाठ भरलेली असावी. २५० मिलिलिटर द्रावण एका मोठ्या बाटलीत अर्धे रिकामे ठेवण्यापेक्षा दोन-तीन लहान बाटल्यांत भरले, तर हवेशी संपर्क कमी होतो. जागा सावलीची, मोटारीच्या शेडपासून आणि खिडकीपासून लांब असावी. बाटलीवर बनवल्याची तारीख लिहावी. पेल्यातले वापरलेले द्रावण बाटलीत परत ओतू नये. चार थेंब वाचवण्याच्या नादात अख्खी बाटली अशीच खराब होते. तयार मिळणारी द्रावणे अनेकदा गुलाबी, पिवळी, निळी असतात आणि सरबतासारखी दिसतात. ती शीतपेयाच्या बाटलीत भरणे किंवा स्वयंपाकघरातल्या फ्रिजमध्ये ठेवणे टाळावे. टाकणखार मुलांच्या पोटात गेला तर अपाय होतो.

मीटरचा फुगा कोरडा ठेवू नये, तसाच डिस्टिल्ड पाण्यातही बुडवून ठेवू नये, कारण त्यात आतले क्षार बाहेर ओढले जातात. टोपणात तीन मोलर पोटॅशियम क्लोराइडचे द्रावण भरून ठेवावे. १०० मिलिलिटर द्रावणाला प्रयोगशाळेच्या दर्जाचे सुमारे २२.४ ग्रॅम क्लोराइड लागते. खताच्या दुकानातले लाल पोटॅश रासायनिकदृष्ट्या तेच असले, तरी त्यातल्या अशुद्धींमुळे ते इथे चालत नाही. टोपणाभोवती पांढरे स्फटिक जमले तर तो बिघाड नव्हे, पाण्याने धुतले की जातात. हंगामाआधी मीटर कोरडा सापडला, तर तो रात्रभर या द्रावणात ठेवावा. ते नसेल तर ४.०१ च्या बफरमध्ये ठेवला तरी चालते. सकाळी ताज्या पाकिटांनी जुळवून घ्यावा आणि मगच टाकीत आम्ल ओतायला घ्यावे.