ग्राइंडरची चकती, पक्कडीची मूठ आणि कोकणातला पावसाळा

पेण असो की रोहा, हार्डवेअरच्या दुकानात नवा पाना घेताना माणूस आधी तो हातात तोलतो. ‘वजनाला भारी आहे, टिकेल’ असं म्हणून पैसे मोजतो. वजनावरून फक्त लोखंड किती आहे ते कळतं. ओतीव पाना जड असूनही जोर लावताच तडकतो. तापवून, साच्यात ठोकून घडवलेला आणि नंतर नीट पाणी दिलेला पाना बारीक असला तरी तेवढाच जोर सहज सोसतो. ‘क्रोम व्हॅनेडियम’ असा ठसा दिसला की काहींची खात्री पटते, पण ठसा कोणालाही मारता येतो. त्यापेक्षा एक नवा नट खिशात ठेवावा आणि दुकानातच पान्यात बसवून पाहावा. तो डुगडुगला तर पाना परत ठेवावा. सैल पाना नटाचे कोपरे खातो, आणि गंजलेला नट एकदा गोल झाला की छिन्नी-हातोड्याशिवाय सुटत नाही. ‘इंपोर्टेड’ शब्दाचा मोहही नको. जालंधर-लुधियानाची हातहत्यारं वर्षानुवर्षं परदेशात विकली जातात.

दुसरा समज जिवावर बेतणारा आहे: पक्कडीच्या दांड्यावरचं रंगीत प्लॅस्टिक शॉक अडवतं. साध्या पक्कडीचं ते आवरण पकड बसावी आणि हाताला टोचू नये यासाठी असतं. चालू लाइनवर वापरायच्या पक्कडीवर एकात एक गुंतलेल्या दोन त्रिकोणांची खूण आणि १००० व्होल्टचा आकडा कोरलेला असतो. तिचं आवरण १०,००० व्होल्टवर तपासलेलं असतं. साध्या पक्कडीचं आवरण दोन पावसाळ्यांत सैल पडतं, आत ओल शिरते, कडेला चीर जाते. रायगडात वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. इथे वायरमनने खूण पाहिल्याशिवाय पक्कड घेऊ नये. आणि खुणेची पक्कड हातात असली, तरी मेन स्विच आधी बंदच करावा.

ग्राइंडरबद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं, कारण ग्रिल आणि पत्र्याच्या शेडची कामं करणाऱ्या बहुतेक पोरांच्या हातात तोच असतो. ‘चकती बसली म्हणजे चालते’ हा त्यांचा ठाम समज. चार इंची ग्राइंडर मिनिटाला साधारण ११,००० फेरे घेतो. त्याच्या चार इंची चकतीवर १५,००० च्या पुढचा आकडा असतो, म्हणजे हाताशी भरपूर राखीव ताकद. सात इंची चकतीची मर्यादा मात्र ८,५०० च्या आसपास असते. गार्ड काढून, मधलं मोठं भोक बुश टाकून भरून ती लहान ग्राइंडरवर चढवली, की तिची कड सेकंदाला १०० मीटरपेक्षा जास्त वेगाने धावते. मंजूर वेग ८० मीटरचा. ताण वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणून चकतीवर सोसवेल त्याच्या दीडपटीहून अधिक ओढ येते. फुटलेला तुकडा गार्ड नसताना सरळ तोंडाकडे किंवा पोटाकडे येतो. लाकूड कापायचं दातेरी ब्लेड ग्राइंडरला लावणं तितकंच वाईट. दाते लाकडात अडकले की मशीन उसळतं, आणि ते धरून ठेवणारी खालची पट्टी ग्राइंडरला नसतेच.

चकतीची मुदत संपते, हे तर अनेकांना पटतच नाही. मधल्या पत्र्याच्या कडीवर महिना आणि वर्ष छापलेलं असतं. ही मुदत साधारणपणे बनवल्यापासून तीन वर्षांची असते. चकतीतले कण राळेने जोडलेले असतात आणि ओल लागली की ती राळ कमजोर होते. कोकणातल्या दमट गोदामात भिंतीला टेकून दोन पावसाळे काढलेली चकती स्वस्तात मिळाली, तरी घेऊ नये. घरची पेटीसुद्धा जमिनीवर न ठेवता फळीवर ठेवावी.

‘जास्त वॅट म्हणजे जास्त ताकद’ यातही अर्धंच खरं आहे. डब्यावरचे वॅट म्हणजे मशीन किती वीज खातं ते. ती ताकद कामापर्यंत पोचायला वायर जाड लागते. दोन हजार वॅटचा कटर साधारण नऊ अँपिअर ओढतो. अर्ध्या स्क्वेअर एमएमच्या तांब्याच्या तीस मीटर एक्स्टेन्शनमध्येच त्याचे जवळपास वीस व्होल्ट जातात. मग मशीन दमतं, माणूस आणखी दाबतो, फेरे कमी होतात, आतला पंखा हवा देईनासा होतो आणि आर्मेचर जळतं. दोष कंपनीला लागतो. अडीच स्क्वेअर एमएमची वायर घेतली तर हा खर्च एकदाच होतो.

पेण शहर, हमरापूर, जोहे इथल्या गणपतीच्या कारखान्यांत रंगकामाचा जोर नेमका पावसाळ्यात असतो. तिथे ऐकू येतं की गन चांगली असली की फिनिशिंग येतं. रंगावर पाण्याचे ठिपके आले की कारागीर आधी गन बदलतात. खरं कारण बहुतेक वेळा टाकीत असतं. ओल्या हवेच्या एका घनमीटरमध्ये २५ ग्रॅमपेक्षा जास्त पाणी असतं. मिनिटाला आठ घनफूट हवा ओढणारा कॉम्प्रेसर सलग तासभर चालला, तर दाबाखाली त्यातलं पाव लिटरहून जास्त पाणी सुटतं, टाकीत साचतं आणि हवेबरोबर गनपर्यंत जातं. दिवसातून दोनदा टाकीखालचा कॉक उघडावा, नळीवर पाणी अडवणारा फिल्टर बसवावा, आणि त्यानंतरच नव्या गनचा विचार करावा.

रोह्याजवळच्या धाटाव एमआयडीसीत केमिकलचे कारखाने आहेत. तिथे देखभालीच्या ठेक्यावर जाणाऱ्या फिटरला ठिणगी न उडवणारी पिवळसर हत्यारं मिळतात. बरेचदा ती ॲल्युमिनियम ब्राँझची असतात. ती हातात आली की धोका टळला, असं कुणी समजू नये. त्यांची ठिणगी थंड असते, पण पृष्ठभागात लोखंडाचा कण रुतला तर नेहमीची ठिणगी उडू शकते. त्यांचा धातू मऊ असतो, म्हणून पाइप लावून ओढलं तर जबडा उघडतो. ॲसिटिलीन असेल तिथे तर तांब्याचं प्रमाण जास्त असलेलं हत्यार नेऊच नये, कारण त्या दोघांतून स्फोटक संयुग तयार होऊ शकतं. गॅस मोजून घेणं आणि हॉट वर्क परमिट यांची जागा कुठलाच पाना घेत नाही.

सगळंच महाग घ्यावं, असंही नाही. नव्याने धंद्यात उतरणाऱ्या पोराने हातोडा, मेजरिंग टेप आणि लेव्हल-पट्टी मध्यम दर्जाची घेतली तरी चालेल. पैसे घालावेत ते चकती, ड्रिल बिट आणि पटाशी यांत, कारण कापायचं काम तीच करतात आणि बोथट पटाशी जास्त जोर मागून हात कापते. पॉवर मशीन घेताना दुकानदाराला एकच विचारावं: याचे कार्बन आणि आर्मेचर पेणला मिळतात की पनवेलला जावं लागेल? गणपतीच्या आधीच्या आठवड्यात बंद पडलेलं मशीन पनवेलला न्यायचं म्हणजे एका दिवसाची मजुरी गेली.